चौदा नंबरचा चिमटा

अण्णा,

तुमचा हात चुकला नव्हता. तुम्हाला हे सांगायची काही गरज नाही, तुम्हाला ते त्याच दिवशी माहीत होतं. मला मात्र परवाच्या रविवारी कळलं, पस्तीस वर्षांनी, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल कंपनीत तपासणीच्या टेबलावर माझ्या हातातून गेज निसटला आणि फरशीवर टणकन पडला, तर आख्खा विभाग माझ्याकडं बघायला लागला. दुसऱ्या कुणी गेज पाडला तर मी त्याची अशी हजेरी घेते की तो आठवडाभर माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. काल मात्र एका पोरानं गेज उचलून टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हणाले, बरी आहे, कामाला लाग. बरी कसली, अण्णा. काही कारण नसताना मला तुमचा अंगठा आठवतो, रिमोटचं बटण बंद करणारा.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करतेय. तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "शेंडा ना बुडखा, मधनंच काय बोलती."

तर मी विमान शिकतेय. रिमोटचं, आणि त्यातही जेट. तुम्ही परदेशी मासिकातलं ज्याचं चित्र कापून देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं होतं आणि आईनं ज्यावरून चार दिवस अबोला धरला होता, तसलं, पोटात रॉकेल पिणारं खरं टर्बाइन असलेलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तुमचे जावई म्हणतात, ह्या वयात बायका पैठणीच्या मागं लागतात, ही रॉकेलच्या मागं लागली. शिकवतं कोण, तर औरंगपुऱ्यातले चाचा, तुमचे रेडिओवाले दोस्त. तुम्ही गेलात तेव्हा ते टीव्ही दुरुस्त करायचे, आता फवारणीचे ड्रोन दुरुस्त करतात. बहात्तर वय झालंय, मोतीबिंदू काढलाय, पण रिमोटच्या काडीवरचं बोट अजून जराही थरथरत नाही. जागा तीच, खुलताबादच्या वरचा आपला माळ. काकांनी तो प्लॉटिंगवाल्याला दिला. त्यानं कमान बांधली, सरळसोट लांबलचक डांबरी रस्ता केला, दोन्ही अंगांना नंबर घातलेले दगड रोवले, आणि घर म्हणाल तर एकसुद्धा उठलं नाही. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच येडे तिथं गोळा होतो. परवानगीचे कागद चाचांच्या थैलीत असतात.

उडवणं लवकर येतं, अण्णा, उतरवणं जीव खातं. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर डावं ते डावं. समोरून आपल्याकडं यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं आणि डोकं फिरतं. त्यावर चाचांचा एकच मंत्र आहे, "जो पर गिरा, उसके नीचे काडी लगा." म्हणजे जो पंख खाली पडला त्या बाजूला काडी न्यायची, जणू त्याला टेकू देतोय. आणि टर्बाइनची खोड वेगळीच. तुमच्या लेथचा चक आठवतो? बटण बंद केलं तरी फिरत राहायचा आणि तुम्ही ओरडायचात, "हात नको लावू, त्यो अजून थांबला नाय!" टर्बाइनचं तेच, फक्त उलट्या बाजूनंही. खाली येताना वाटतं की विमान फार जोरात येतंय, म्हणून आपण थ्रॉटल, इंजिनाचा जोर, सगळा मागं घेतो. मग विमान खाली बसायला लागतं, आपण घाबरून थ्रॉटल पुढं ढकलतो, आणि टर्बाइनला ते ऐकू यायला चार-पाच सेकंद लागतात. तोवर विमान मुरमात. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत मी दोनदा चाकं तोडली, तीही चाचांनी वेळेवर सावरलं म्हणून फक्त चाकंच. घरी येऊन मी दोन्ही वेळा भांडी आपटली आणि विमानात काय ठेवलंय म्हणून शपथ घेतली. पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

चाचा सावरायचे कसे, ते सांगायला हवं. शिकताना एका विमानावर दोन रिमोट असतात, एक माझ्या हातात आणि एक चाचांच्या. चाचांच्या रिमोटला वर एक बटण आहे. ते दाबून धरतात तोवर विमान माझं. बोट उचललं की विमान त्यांचं, मग मी कितीही काड्या हलवल्या तरी त्याला पत्ता नसतो. इतके महिने असंच चाललं होतं. मी वर दहा मिनिटं मिरवायचे, उतरायला वळलं की चाचा बोट उचलायचे, आणि मी मेलेला रिमोट धरून बघत बसायचे.

परवा मी पहिल्यांदा स्वतः उतरवलं. वळवून सरळ रस्त्यावर धरलं, पंखांचे फ्लॅप सोडले, चाकं बाहेर काढली, "लँडिंग!" म्हणून ओरडले, आणि नेमकी त्याच वेळी कमानीकडून मेंढरं रस्त्यावर सांडली. माळापलीकडच्या वस्तीवरचे म्हातारेबाबा, तुम्हाला आठवत असतील, तुमच्याकडं बिडीसाठी काडेपेटी मागायला यायचे ते, अजून आहेत आणि अजून मेंढरांमागं आहेत. मी चाचांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी बोट उचललं असतं तर मला कळलंच असतं. थ्रॉटल पुढं दिला. इंजिन जागं ठेवलं होतं तरी ते चार सेकंद काय लांब होते, अण्णा! विमान मेंढरांच्या डोक्यावरून किंचाळत गेलं, मेंढरं फुटली, बाबा "हाऽऽ" करत काठी घेऊन धावले. मी पुन्हा गोल फिरवून आणलं. ह्या वेळी रस्ता मोकळा होता. डावा पंख पडला, टेकू दिला. विमानाचं नाक वर ओढायला बोट शिवशिवत होतं, ओढलं नाही. मागची दोन चाकं टेकली, मग पुढचं, आणि ते सुळसुळत येऊन माझ्यापुढं थांबलं. चाचांचं बोट बटणावरून उठलं नव्हतं. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, रस्त्यावर उकिडवी बसून ढसाढसा रडले. आनंदानं, हं. तोवर आनंदच होता.

मेंढरं गोळा करून बाबा आमच्याकडं आले. विमानाकडं बघून म्हणाले, "हितंच पडलं व्हतं तुझ्या बापाचं. बापाला नाय जमलं, लेकीनं उतरवलं बग." सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तुमच्यापेक्षा मी सरस निघाले असं कुणीतरी चारचौघांत म्हणालं, आणि माझी छाती फुगली. चाचा तेवढे हसले नाहीत. ते थर्मासमधून चहा ओतत होते.

चहा पिताना एका नव्या मेंबरनं दोन रिमोटांबद्दल विचारलं, तसे चाचा खुलले. म्हणाले, "आज दो रिमोट एक जहाज कू पकडते, मजे की बात है. हमारे टैम पे ऐसा हुआ तो जहाज खतम." मग त्यांनी त्याला चिमट्यांची गोष्ट सांगितली. आताचे रिमोट आपापलं विमान ओळखतात, तेव्हाचे ओळखत नव्हते. प्रत्येक रिमोटमध्ये नखाएवढा एक क्रिस्टल असायचा, त्याचा एक नंबर असायचा, आणि एकाच नंबरचे दोन रिमोट एकदम चालू झाले तर हवेतलं विमान दोघांचं ऐकायचं आणि कुणाचंच ऐकायचं नाही, येड्यासारखं करायचं आणि पडायचं. म्हणून माळावरच्या बाभळीला प्लायवुडची पाटी टांगलेली असायची आणि तिच्यावर कपड्यांचे लाकडी चिमटे, एकेका चिमट्यावर एकेक नंबर. उडवणाऱ्यानं आपल्या नंबराचा चिमटा काढून कॉलरला लावायचा. चिमटा ज्याच्या कॉलरला, तोच रिमोट चालू करणार. तुमचा आणि चाचांचा नंबर एकच होता, चौदा. एक जण उडवायचा तेव्हा दुसरा चहा प्यायचा.

मला हे सगळं पाठ होतं. मी आठ वर्षांची असताना त्या पाटीवरचे चार चिमटे काढून बाहुलीचे कपडे वाळत घातले होते आणि तुम्ही माझा दंड धरून मला गदागदा हलवलं होतं. एरवी तुम्ही आवाजही चढवायचा नाहीत. "ह्यो चिमटा म्हंजे दुसऱ्याचं इमान हाय. पुन्हा हात लावला तर हितं आणणार नाय तुला." आई मध्ये पडली म्हणून मी सुटले. त्यानंतर मी चिमट्याला शिवले नाही. चिमट्याला शिवायचं नाही एवढंच माझ्या डोक्यात बसलं, अण्णा. चिमटा कशासाठी, हे आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात बसलं नाही, आणि पुढं मीही कधी विचार केला नाही.

म्हणून मी चहाचा घोट घेत, सगळ्यांसमोर, हसत म्हणाले, "चाचा, मी तर नऊ वर्षांची असतानाच अण्णांबरोबर दोन रिमोटांवर उडवलंय." माझी ही लाडकी आठवण आहे. लग्नाकार्यात, कंपनीच्या सहलीत, कितीदा सांगितलीय मी. तुम्हाला मात्र कधी सांगितली नाही, कारण पुढचा भाग तुम्हाला दुखला असता असं मला वाटायचं. परवा चाचांना पहिल्यांदाच सांगितली. कशी सांगते ते ऐका.

मी नऊ वर्षांची आहे. बाभळीखाली सतरंजी आहे, तुमची पत्र्याची पेटी आहे, स्कूटर आहे. तुम्ही दोन वर्षं खपून केलेलं जेट हवेत आहे. टर्बाइन मिळण्याची सोय नव्हती, म्हणून त्याच्या पोटात तुम्ही साधं इंजिन आणि पंखा बसवलाय, आणि त्या पंख्याचं एकेक पातं कंपनीच्या टूलरूममध्ये सुट्टी झाल्यावर थांबून घासलंय. तीनदा उडून ते नीट उतरलंय, आज चौथी वेळ. तुमच्या कॉलरला चौदा नंबरचा चिमटा आहे. मी पेटीतून तुमचा जुना रिमोट काढते. तुम्ही नवा आणल्यापासून तो पेटीतच असतो. मी स्कूटरच्या आड, तुमच्या पाठीमागं, तुमच्यासारखे पाय फाकवून उभी राहते. एरियल ओढते, एकेक कांडं, ते माझ्या डोक्याच्याही वर जातं. बटण सरकवते. लाल लाइट लागते. तुमचं विमान लांबून उतरायला वळतंय. मी काडी डावीकडं नेते आणि विमान डावीकडं जातं! मला इतका हर्ष होतो की मी श्वास घ्यायची विसरते. मी आणि अण्णा मिळून विमान उडवतोय. मी काडी उजवीकडं नेते. मग ते पडलं.

मी एवढं सांगून नेहमीप्रमाणे हसायला थांबले, तर चाचांच्या हातातला कप तोंडापाशी तसाच होता. नवा मेंबर हसत होता. चाचांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "एरियल खिंची थी तू?"

"मग! पूर्ण."

"बटन डाली?"

"म्हणजे काय, लाल लाइट लागली होती ना."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. मग म्हणाले, "बेटा, वो भी चौदा नंबर था."

अण्णा, मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, हो का? आणि घोट घेतला. तो घोट अर्ध्यात गेला आणि मग कळलं. कानात काहीतरी बंद झाल्यासारखं झालं. नवा मेंबर काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. तोवर माझ्या डोक्यात ती आठवण अशी होती की मी खोटं खोटं उडवत होते आणि विमान योगायोगानं डावीकडं गेलं. तो योगायोग नव्हता. ते खरोखर माझ्या काडीनं गेलं. पस्तीस वर्षं मी लोकांना हसत हसत सांगत फिरले की मी माझ्या बापाचं विमान कसं पाडलं, आणि मला स्वतःलाच पत्ता नव्हता!

चाचा उठून माझ्याशेजारी बसले. त्यांचाही चेहरा उतरला होता. हळूहळू बोलायला लागले, कधी मराठीत, कधी त्यांच्या बोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तुम्ही औरंगपुऱ्यात त्यांच्या पायरीवर बसला होतात म्हणे. मांडीवर जुना रिमोट. म्हणालात, ह्याचा क्रिस्टल काढून टाक, लेकीला खेळायला द्यायचाय. चाचा म्हणाले, "मैं बोला, सेल निकाल दो, बस है. तो बोले, नै, सेल ती घालंल. क्रिस्टल काढ. मगर लाइट लगनी चाहिए, बोले. लाइट गेली तर विचारंल, का गेली म्हणून." चाचांनी क्रिस्टल काढला, लाइट लागते का बघितली आणि तुम्हाला दिला. तेव्हा त्यांना वाटलं, माणूस दुःखात आहे, लेकीत मन रमवतोय. "आज समझा मैं," ते म्हणाले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इत्ते बरस मैं भी समझा, हाथ चूका उसका."

मला तो दिवस पुन्हा पहिल्यापासून बघावा लागतोय, अण्णा, आणि प्रत्येक गोष्टीचा अर्थ बदलतोय. विमान पडल्यावर सगळे तिकडं धावले. तुम्ही धावला नाहीत. तुम्ही मागं वळलात आणि माझ्याकडं आलात. मला कायम वाटायचं, पोर घाबरली असेल म्हणून तुम्ही आधी माझ्याकडं आलात. तुम्ही माझ्या हातातला रिमोट घेतलात, अंगठ्यानं बटण बंद केलंत, एरियल तळव्यानं दाबून आत घातली आणि रिमोट पेटीत ठेवून वर फडकं टाकलंत. मी विचारलं, "अण्णा, मोडलं का?" तुम्ही म्हणालात, "मोडलं. चल, बघू." आणि माझा हात धरून मला घेऊन गेलात. तिथं सगळे विचारत होते, काय झालं, काय झालं. तुम्ही पंख्याचं एक पातं उचललंत आणि म्हणालात, "माझा हात चुकला." मी तुमच्या शेजारी उभी होते. तुमचा हात माझ्या हातात होता, घामानं ओला.

आठवड्यानं तुम्ही मला जुना रिमोट दिलात. "घे, तुझाच." मी नाचले. कितीतरी दिवस गच्चीवर उभी राहून मुकुंदवाडी स्टेशनात येणाऱ्या गाड्या उडवल्या मी त्याच्यावर. तुम्ही खाली बाजेवर बसून बघायचात. त्यानंतर तुम्ही एकही विमान केलं नाही. चिमट्यांची पाटी चाचांच्या दुकानात जाऊन लागली, तिथं अजून आहे. रविवारी तुम्ही काकांच्या मळ्यात मोटर दुरुस्त करत बसायचात. का सोडलंत, हे मी रविवारपासून हजारदा विचारलंय. पुन्हा केलं असतं तर मी पुन्हा माळावर आले असते, कधीतरी चिमट्याचा अर्थ मला कळला असता, म्हणून? की पेटीतल्या रिमोटचे सेल काढायचे राहिले, म्हणून तुम्हाला खरंच वाटायचं की हात तुमचाच चुकला? टूलरूममध्ये एक सूत इकडं-तिकडं झालं तरी तुम्ही जॉब स्क्रॅपमध्ये टाकायचात, दुसऱ्यावर ढकलायचा नाहीत. मला माहीत नाही. विचारायला तुम्ही नाही.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हे सगळं लिहिलं. मी एकोणीस वर्षांची होते. वाळूजला ट्रेनिंग लागलं होतं आणि मला स्कूटर हवी होती. घरात काका होते, चाचा होते, आई ताट वाढत होती. तुम्ही म्हणालात, हायवेला एवढ्यात नको, अजून तुझा हात बसला नाय. एवढंच म्हणालात. आणि मी, माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःचं विमान धड उतरवता आलं नाही, आणि माझ्या हाताला नावं ठेवताय?" आईच्या हातातला डाव थांबला. काका "ए पोरी" म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ती नजर मला तेव्हा पडल्या माणसाची वाटली होती, अण्णा, आणि मी जिंकले होते. तुमच्या जिभेवर ते असेल ना तेव्हा? एका वाक्यात माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तुम्ही म्हणालात, "व्हय. चुकला हात," आणि खुंटीवरची किल्ली काढून माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. पाच वर्षांनी तुम्ही गेलात. त्या पाच वर्षांत मी ते वाक्य अजून दोनदा वापरलं. चांगलं लागतं हे कळलं होतं ना.

रविवारी घरी आले ती सरळ माळ्यावर चढले. जुना रिमोट काढला, मागचं झाकण उघडलं. क्रिस्टलच्या जागी दोन बारीक भोकं आहेत, रिकामी. नवे सेल घातले. लाल लाइट लागली. मी तिथंच, माळ्यावर, मोडक्या कुलरला टेकून कितीतरी वेळ बसून राहिले. तुमच्या जावयांनी खालून दोन हाका मारल्या, तेव्हा कुठं खाली उतरले.

आईला सांगायला हवं होतं. आई माझ्याकडंच असते, गुडघे दुखतात पण डोकं लखलखीत. दर रविवारी मी निघाले की दारात येऊन म्हणते, "नीट उतरव. त्यांच्यावानी हात चुकवू नको." तुमच्या वर्षश्राद्धालाही पानं मांडताना म्हणते, माणूस गुणी, पण दोन वर्षांचं लाकूड एका घडीत मातीत घातलं. प्रेमानंच म्हणते, पण म्हणते. ते बंद करायला हवं, असं मी ठरवलं. आज कंपनीतून आले तर ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसले आणि म्हणाले, "आई, अण्णांचा हात चुकला नव्हता."

"कशात?"

"विमानात. त्या दिवशी दुसरा एक रिमोट चालू होता. त्यानं पडलं. चाचांनी सांगितलं परवा."

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. "आन् ह्यांना ठाव व्हतं?"

"होतं."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही, नुसती माझ्याकडं बघत बसली. "जल्मभर बोलले मी त्या माणसाला," ती म्हणाली. "एकदा तरी म्हणायचं नाय का, माझा हात नव्हता म्हणून? मला का नाय सांगितलं गं त्यांनी? कुणाला झाकीत व्हते?"

तिच्यासमोर बसले होते, अण्णा. हातभर अंतरावर.

मी मेथीची जुडी ओढून घेतली आणि म्हणाले, "काय माहीत."